जुनी चावडी, पिंपळाचा पार अन् मधली जागा

आमच्या गावात एक जुनी चावडी आहे. मातीच्या दीड-दोन फूट जाड भिंती, सागवानाचे मयाल म्हणजे तुळया, वर कवेलू म्हणजे कौलं, अन् समोर लांबलचक सपरी म्हणजे उघडी ओसरी. तिच्या पुढ्यात पिंपळाचा पार, पाराच्या पलीकडे हातपंप अन् त्याच्याही पलीकडे जिल्हा परिषद शाळेची कंपाउंड वॉल. मागच्या हिवाळ्यात ग्रामसभेत विषय निघाला की चावडी पाडायची, पिंपळाच्या खालच्या फांद्या छाटायच्या, सगळीकडे सिमेंटचे गट्टू बसवायचे अन् मधोमध एक हॉल बांधायचा. फंड येऊन पडला आहे, खर्च नाही केला तर परत जाईल, त्यामुळे सगळे हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात मागून एक म्हातारी माय बोलली, "मंग आमी बसावं कुठी?"

सभेत कोणाला उत्तर देता आलं नाही. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून वर्ध्याला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम करतो, म्हणून लोकं माझ्याकडे पाहायला लागले, अन् मलाही तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही. पण ज्याचं शिक्षण घेतलं, ज्याच्यावर पोट चालतं, त्याच गोष्टीचा हा प्रश्न होता. त्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते आता सावकाश लिहितो, आपल्या भागातल्या अजून कोणत्या गावात असाच ठराव येणार असेल तर उपयोगी पडेल.

आपण आर्किटेक्चर म्हटलं की इमारतीचा फोटो डोळ्यासमोर आणतो, समोरून काढलेला, आकाश निळं, माणूस एक नाही. पण आपल्या गावात माणसं इमारतीत किती वेळ असतात अन् इमारतींच्या मधल्या जागेत किती वेळ असतात ते मोजून पाहा. सकाळचा चहा पारावर, दुपारी सपरीत बाजेवर, संध्याकाळी अंगणात, लग्न असलं की रस्त्यावर मांडव, पोळ्याला बैल मारुतीसमोर. म्हणजे गावाची खरी बैठक भिंतींच्या बाहेर आहे. आता ही मधली जागा, तिच्या भोवतीच्या जुन्या इमारती अन् खालची जमीन, हे तिन्ही एकाच कागदावर, एकाच वेळी विचारात घेऊन डिझाइन करणं, हाच या लेखाचा विषय आहे. ऐकायला सोपं वाटतं पण करायला अवघड जातं, कारण इमारतीचं एस्टिमेट एक माणूस करतो, रस्त्याचं दुसरा, झाडं लावायची योजना तिसऱ्याच खात्याची, अन् मधल्या जागेचं एस्टिमेट कोणीच करत नाही.

आधी लँडस्केप या शब्दाचं पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. लँडस्केप म्हणजे हिरवळ, अशोकाची रांग अन् एक कारंजं असं लोकांच्या डोक्यात बसलं आहे. खरं म्हणजे लँडस्केप म्हणजे जमिनीचा उतार कोणीकडे आहे, पावसाचं पाणी कुठून येतं अन् कुठे जातं, वारा कोणत्या बाजूनं वाहतो, दुपारी तीन वाजता सावली कुठे पडते अन् पायाखाली माती कोणती आहे. ह्यातलं काहीच आपण बनवत नाही, ते आधीच तिथे असतं, आपण ते पाहायचं असतं.

पूर्व विदर्भातले मामा तलाव घ्या, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत, कोहळी समाजाच्या लोकांनी त्यांच्या बांधणीत मोठं काम केलेलं आहे. उतारावर आडवी पाळ घालायची, वर पाणी साठवायचं, खाली धानाची बांध्या-बांध्यांची शेती, अन् गाव अशा जागी की पाणीही जवळ राहावं अन् घरात शिरूही नये. त्या लोकांकडे ड्रोन सर्व्हे नव्हता. पण चार पावसाळे पाणी पाहिलेलं होतं अन् मग पाळ घातली होती.

आता आपल्या वर्धा-यवतमाळ पट्ट्यातली काळी माती. ही माती पाणी प्यायली की फुगते अन् उन्हाळ्यात वाळली की आकसते, वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तीच माती घराच्या पायाखाली असली तर घरही दरवर्षी थोडं वर-खाली होतं, अन् एका कोपऱ्यात पाणी मुरतं अन् दुसरा कोपरा कोरडा राहतो तेव्हा भिंतीला तिरपी भेग जाते. जुनी गावठाणं पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर, वसवली ती उगीच नाही, "गावाची पांढरी" हा शब्दच त्यातून आला. म्हणजे पायाजवळ पाणी साचू न देणं हे बाहेरच्या जमिनीचं काम झालं, पण भिंत वाचते ती त्याच्यामुळे. अंगणाचा उतार चुकला की घर चिरतं, इतका थेट संबंध आहे. म्हणून इमारत वेगळी अन् आवार वेगळं असं धरून चाललं की दोन्ही बिघडतात.

आता चावडीकडे परत येतो, कारण हे सगळं मी तिच्यावरच नीट शिकलो. सगळे म्हणत होते की चावडी पडायला आली आहे, मागची भिंत फुगली आहे. मी एका रविवारी जाऊन ती भिंत बोटांच्या सांध्यानं वाजवून पाहिली. खालून तीन फुटांपर्यंत ढब ढब आवाज, म्हणजे वरची छपाई अन् आतली माती यांच्यात पोकळी. काही वर्षांआधी कोणीतरी चांगल्या मनानंच त्या मातीच्या भिंतीला सिमेंटची छपाई करून दिली होती, भिंत पक्की व्हावी म्हणून, अन् त्याच छपाईनं ती भिंत सडवली.

कसं ते सांगतो. मातीची भिंत जमिनीतून थोडी ओल ओढतेच, कंदिलाची वात तेल ओढते तशी. जुन्या भिंतीला शेणामातीचं सारवण किंवा चुना असायचा, ते दोन्ही श्वास घेतात, त्यामुळे ओल खालून चढली तरी फूटभरावर बाहेर उडून जायची. सिमेंटनं ती वाट बंद केली. मग पाणी बाहेर निघायला जागा शोधत अजून वर चढतं, छपाईच्या मागे साचतं, माती लोण्यासारखी मऊ होते, अन् एका पावसाळ्यात पूर्ण पत्रा सुटल्यासारखी छपाई मातीला घेऊनच खाली येते. लोकं म्हणतात मातीचं घर टिकत नाही. अरे पण ते साठ-सत्तर वर्षं टिकलं होतं ना बाप्पा! उपाय तसा स्वस्त आहे, सिमेंट काढून टाका, भिंत एक उन्हाळा वाळू द्या, चुन्यानं किंवा मातीनंच छपाई करा, कवेलूची वळचण भिंतीपासून दोन-अडीच फूट बाहेर काढा म्हणजे पाणी भिंतीवर मारा करणार नाही, अन् पायापासून उतार बाहेरच्या बाजूला द्या. जाणकार मिस्त्री हवा एवढंच, अन् तसे मिस्त्री आता कमी राहिले आहेत ही मात्र खरी अडचण आहे.

उतार पाहायला मी मिस्त्रीकडून लेव्हल पाईप आणला. पारदर्शक नळी, आत पाणी, एक टोक शाळेच्या फाटकाशी एका पोट्ट्यानं धरलं अन् दुसरं मी चावडीच्या भिंतीशी. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर थांबतं, त्यामुळे जमीन कुठे उंच कुठे खोल ते लगेच कळतं. शाळेची बाजू चावडीपेक्षा वीतभर उंच निघाली. म्हणजे शाळेच्या मैदानाचं सगळं पाणी, रस्ता सिमेंटचा झाल्यावर तर अजूनच जोरात, चावडीच्या बाजूनं वळून मागच्या भिंतीशी येऊन थांबत होतं. पोट्टे म्हणाले, "आमाले माहीत हाये ना, पावसात आमी तेथीसाच नावा सोडतो." मला जे नळीनं कळलं ते त्यांना आधीच माहीत होतं, विचारलं कोणी नव्हतं.

जुनी इमारत ठेवायची का, हा प्रश्न भावनेचा आहे असं लोकांना वाटतं. भावना आहेच, मी नाही म्हणत नाही, माझ्या आजोबांचा फेरफार त्याच सपरीत झाला होता. पण हिशोबही आहे. वीट भाजायला साधारण ९०० ते १००० अंश उष्णता लागते, सिमेंटच्या भट्टीत चुनखडी जवळपास १४५० अंशांपर्यंत तापवतात, अन् जगात माणसामुळे निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या कारखान्यांतून निघतो. उभी इमारत पाडली की तिच्यात एकदा खर्च झालेली सगळी मेहनत, लाकूड, उष्णता मलब्यात जाते अन् नवीन इमारतीसाठी तेवढाच खर्च परत सुरू होतो. चावडीचे मयाल जुन्या सागवानाचे आहेत, तसलं लाकूड आज विकत घ्यायला गेलं तर हॉलचा निम्मा फंड त्यातच जाईल.

दुसरा हिशोब उन्हाचा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ नेहमीचं आहे, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर ४७ च्या आसपास जाऊन येतात. दीड-दोन फूट मातीच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला कित्येक तास लागतात, म्हणजे दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते, दारं-खिडक्या उघड्या असतात, अन् माणसं बाहेर अंगणात झोपलेली असतात. टिनाच्या शेडमध्ये तीच उष्णता पाच मिनिटांत डोक्यावर. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो अन् नेमका रात्री झोपायच्या वेळी आत सोडतो. आमच्या जवळच्या एका गावात असाच स्लॅबचा हॉल झाला, मार्च ते जून कुलूप लागलेलं असतं कारण आत बसवत नाही, अन् लोकं त्याच हॉलच्या पूर्वेच्या भिंतीला टेकून दुपारची सावली पाहून बाहेर बसतात.

म्हणजे जुनं ते सगळं ठेवायचं का? नाही. अन् इथे मला प्रामाणिकपणे लिहायचं आहे, कारण शहरातून येऊन मातीच्या घराचे फोटो काढणारे लोकं हा भाग सोडून देतात. कवेलू दरवर्षी मृगाच्या आधी फेरावे लागतात, अन् फेरणारा माणूस आता मिळत नाही. वानरांची टोळी एका सकाळी येते अन् अर्धा छप्पर फोडून जाते, मग माणूस कंटाळून टिना टाकतो, त्याला दोष कसा द्यायचा. उधई लागलेला मयाल बाहेरून चांगला दिसतो अन् आतून भुसा झालेला असतो, स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहावा लागतो. सातबारा-नमुना आठवर सात वारस असले तर वाडा दुरुस्त होत नाही, पडायचीच वाट पाहतात. म्हणून प्रत्येक इमारत तपासून ठरवायचं, कोणता भाग दमदार आहे, कोणता फक्त जुना आहे. चावडीचं पाहिलं तर पुढची सपरी अन् दोन्ही बाजूच्या भिंती ठणठणीत आहेत, मागची भिंत नवी घालावी लागेल, अन् छपराचे दोन मयाल बदलावे लागतील. "पडायला आली" अन् "एक भिंत अन् दोन मयाल" ह्यात लाखांचा फरक आहे.

नवीन काही जोडायचं असलं तर एक नियम लक्षात ठेवा, नवीन बांधकाम जुन्या भिंतीवर टेकवायचं नाही. जुनी इमारत जेवढी बसायची तेवढी जमिनीत बसून गेली आहे, नवीन अजून बसणार आहे, अन् काळ्या मातीत तर नक्कीच. दोघांना एकत्र बांधलं की सांध्यात भेग पडणार. म्हणून नवीन खोलीचा पाया वेगळा, मध्ये थोडं अंतर, अन् वरून त्या फटीवर पत्र्याची पट्टी जी एकाच बाजूला पक्की असते, म्हणजे दोन्ही आपापल्या परीनं हलू शकतात. ती फट लपवायची गरज नाही. उलट जुनं कुठे संपलं अन् नवीन कुठे सुरू झालं ते दिसलं पाहिजे, फक्त उंची, वळचणीची रेषा अन् खिडक्यांचा आकार यात नवीन बांधकामानं जुन्याचं ऐकायचं. नवीन बांधकामाला खोटे कवेलू चिकटवून जुनं दाखवणं मला अजिबात पटत नाही.

इमारत अन् मधली जागा एकत्र विचारात घेण्याचा सगळ्यात चांगला नमुना आपल्याच वर्धा जिल्ह्यात आहे अन् आपण शाळेच्या सहलीत धावत पाहून येतो. सेवाग्राम. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम नंतर झालं. पहिलं घर म्हणजे आदि निवास, अट अशी की खर्च कमीत कमी व्हावा अन् सामान अन् मजूर आसपासचेच असावे. बापूकुटी मीराबेननं उभी केली, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या मॅडेलिन स्लेड, अन् भिंतीच्या मातीतच उठावाचं शिंदीचं झाड, मोर, चरखा काढला. कुटीत वाकून शिरावं लागतं कारण वळचण खाली आहे, अन् वळचण खाली आहे म्हणून मे महिन्याचं ऊन भिंतीला लागतच नाही. पुढच्या वेळी गेलात तर कुटीच्या बाहेर येऊन मागे वळून पाहा. तिथली सगळ्यात मोठी खोली म्हणजे प्रार्थनेचं मैदान आहे, अन् तिला भिंत नाही, छत नाही, गांधीजींनी लावलेला पिंपळ आहे. कुट्या तिच्या भोवती आहेत, तिच्याकडे पाठ करून नाहीत. मधल्या जागेचा आधी विचार केला की काय होतं ते तिथे दहा मिनिटं बसलं की कळतं, लेख वाचायची गरज नाही.

हेच काम मोठ्या पैशात अन् मोठ्या शहरात कसं झालं त्याचीही दोन उदाहरणं देतो, कारण आमच्या सभेत एक जण म्हणाला की हे सगळं गरिबीचं तत्त्वज्ञान आहे, परदेशात असं नसतं. ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात पत्र्याचे ड्रम बनवायचा एक जुना कारखाना होता. तो पाडून तिथे करमणूक केंद्र करायचं होतं, अन् काम लीना बो बार्डी नावाच्या आर्किटेक्ट बाईंकडे आलं. त्या पाहायला गेल्या तर रिकाम्या शेडमध्ये लेकरं खेळताहेत, घरचे लोकं डबे घेऊन बसलेत, म्हातारे गप्पा मारताहेत. त्यांनी ठरवलं की इथे जे चाललं आहे तेच चालू राहिलं पाहिजे. शेड ठेवले, भिंती खरवडून वीट उघडी केली, आत जमिनीत एक उथळ पाण्याची धार फिरवली. आवारातून एक झाकलेला नाला जात होता, त्याच्यावर बांधायला परवानगी नव्हती, तर तिथे लाकडी फळ्यांचा लांब ओटा टाकला अन् लोकं त्यावर ऊन खात पडायला लागले. खेळाच्या नव्या इमारती नाल्याच्या दोन्ही बाजूला उभ्या केल्या अन् वरून पुलांनी जोडल्या. १९८२ साली ते केंद्र उघडलं, एसईएससी पोंपेया नाव आहे, अन् आजही भरलेलं असतं. जिथे बांधता येत नव्हतं तीच जागा सगळ्यांची झाली.

दुसरं फ्रान्सच्या बोर्दो शहरातलं. तिथे एक छोटा चौक होता, लेऑं ओकोक नावाचा, भोवती झाडं, बसायला बाक, खाली बारीक गिट्टी. १९९६ साली नगरपालिकेनं आन लाकातों अन् जां-फिलिप वासाल या जोडीला चौक सुंदर करायला सांगितलं. ते कित्येकदा जाऊन बसले, आजूबाजूच्या लोकांशी बोलले, अन् शेवटी सांगितलं की काहीच बांधायची गरज नाही, गिट्टी बदला, झाडांवर इलाज करा, झाडझूड वेळेवर करा. पुढे २०२१ मध्ये ह्याच दोघांना प्रित्झकर मिळाला, आर्किटेक्चरमध्ये त्याच्यापेक्षा मोठा मान नाही. आपल्याकडे हा मान पहिल्यांदा २०१८ मध्ये बालकृष्ण दोशींना मिळाला, जन्म पुण्याचा. त्यांचं अहमदाबादचं स्वतःचं ऑफिस, संगाथ, अर्धं जमिनीत आहे, वर फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेली पांढरी गोल छपरं जी ऊन परतवतात, छपरावरचं पावसाचं पाणी नाल्यांमधून बागेत फिरतं, अन् बाहेर गवताच्या पायऱ्या आहेत जिथे बसता येतं. इमारत कुठे संपते अन् बाग कुठे सुरू होते ते बोट ठेवून सांगता येत नाही.

पण सामायिक जागेबद्दल बोलताना एक गोष्ट मला फार टोचते. पार सगळ्यांचा आहे असं आपण म्हणतो, पण आमच्या पारावर बाया बसत नाहीत. कोणी नाही म्हटलेलं नाही, तरी बसत नाहीत. त्या म्हातारीच्या प्रश्नातलं "आमी" म्हणजे कोण, ते मला नंतर कळलं. ती अन् तिच्या वयाच्या पाच-सहा जणी चावडीच्या सपरीत बसतात, दुपारी जेवणं झाल्यावर, तांदूळ निवडत, लेकरं खेळवत, कारण तिथून हातपंप दिसतो, शाळेचं फाटक दिसतं, रस्त्यावरून कोण गेलं ते कळतं, अन् तरी तीन बाजूंनी आडोसा आहे. सपरी ही गोष्टच अशी आहे, धड घरात नाही धड बाहेर नाही. रस्ता, मग अंगण, मग सपरी, मग माजघर, मग मागचं परस, अशा एकेक पायरीनं आपली घरं बाहेरून आत जातात अन् प्रत्येक पायरीवर कोणी कुठपर्यंत यायचं ते न बोलता ठरलेलं असतं. हॉलमध्ये ह्या पायऱ्या नसतात, एक शटर असतं, आत किंवा बाहेर. अन् किल्ली एकाच्या खिशात.

म्हणून सामायिक जागा डिझाइन करायची म्हणजे बाक मांडायचे असं नाही. कोण, किती वाजता, कशासाठी येतं ते पाहायचं. बसायचा ओटा दीड फूट उंच असला तर म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यावर हात ठेवून उठता येतं, पार तीन फूट उंच असला तर तो फक्त पोट्ट्यांचा अन् तरण्यांचा राहतो. पाठीमागे भिंत असली की माणूस निवांत बसतो. जवळ संडास नसला तर बाया तासाच्या वर थांबत नाहीत, हे कोणत्याच ड्रॉइंगमध्ये नसतं. अन् रात्री एक दिवा, पण डोळ्यात जाणारा फोकस नको.

एप्रिलमध्ये मी शाळेच्या पोरांना सोबत घेतलं अन् एक प्रयोग केला. सकाळी नऊला, बाराला, तीनला अन् पाचला पिंपळाच्या सावलीची कड चुन्यानं आखायची. चार रेघा. तीनची अन् पाचची रेघ नेमकी तिथे गेली जिथे हॉल उभा करायचा होता. म्हणजे गावातली दुपारची सगळ्यात मोठी फुकटची सावली हॉलच्या स्लॅबवर पडणार होती, माणसांवर नाही. अन् गट्टू पिंपळाच्या बुंध्यापर्यंत बसवले असते तर मुळांना पाणीही नाही अन् हवाही नाही, मग सावलीच राहिली नसती. गट्टूवर मे महिन्यात अनवाणी पाय ठेवून पाहा अन् मग पिंपळाखालच्या मातीवर ठेवा, वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्या चार रेघांचा फोटो मी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला अन् पुढच्या सभेत कागद घेऊन गेलो. कागदावर फार काही नाही. चावडी राहील, मागची भिंत नवी, जोत्यापर्यंत दगडाची, वर विटांची. विटा, केरळात स्वस्त घरं बांधणारे आर्किटेक्ट लॉरी बेकर वापरायचे तशा, कडेवर उभ्या करून, मध्ये पोकळी ठेवून, रॅट ट्रॅप बाँड म्हणतात त्याला, विटा साधारण पाव हिश्श्यानं कमी लागतात अन् पोकळीमुळे ऊन आत कमी येतं. हॉलच्या ऐवजी चावडीच्या उत्तरेला, वेगळ्या पायावर, एक मोठी उघडी सपरी, जुन्या सपरीच्याच उंचीची, वानरांचा त्रास म्हणून वर टिना अन् टिनाखाली बांबूच्या तट्ट्या, मध्ये हवा खेळती. लग्नाला मांडव जोडला की अख्खी पंगत बसते. शाळेच्या कंपाउंड वॉलमध्ये आठ फुटांची एक जागा उघडायची अन् फाटक लावायचं, म्हणजे पोरांना मधल्या सुट्टीत पिंपळाखाली येता येईल अन् शाळा सुटल्यावर गावाला मैदान मिळेल. पाराच्या एका बाजूला खाली दीड फुटाचा दुसरा ओटा, हातपंपाकडे तोंड करून. संडास मागच्या कोपऱ्यात, पण तिथे जायच्या वाटेवर दिवा. अन् गट्टू फक्त चालायच्या वाटेवर, बाकी मुरूम अन् चुरी धुम्मस करून.

पाण्याचा हिशोब सगळ्यांना आवडला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, इतकं सोपं गणित आहे. चावडीचं छप्पर ४० बाय २० फूट, म्हणजे जवळपास ७४ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला अन् पाचवा हिस्सा वाया गेला म्हटलं तरी ५९ हजार लिटरच्या आसपास. आज हेच पाणी मागच्या भिंतीत जातं. पन्हाळ लावून ते हातपंपाजवळच्या शोषखड्ड्यात सोडायचं, अन् शाळेकडून येणारं पाणी आडव्या नालीनं पिंपळाच्या बाहेरून वळवायचं.

ठराव अजून झालेला नाही. फंड हॉलच्या नावावर आला आहे, तो दुरुस्तीत वळवता येतो का याचं पत्र वर गेलं आहे, काही जणांना अजूनही हॉलच हवा आहे कारण हॉलवर नाव लिहिता येतं. पण फांद्या छाटायचं थांबलं आहे. मागच्या भिंतीवरची सिमेंटची छपाई आम्ही चार जणांनी मिळून छिन्नी-हातोड्यानं काढली, आतली माती अजून दमट आहे, हात लावला की थंड लागते. नवी भिंत होईपर्यंत तरी ही टिकावी, म्हणून मृगाच्या आधी ती वाळली पाहिजे, त्यासाठी शाळेच्या बाजूनं तात्पुरती नाली खोदली आहे, अन् नावा सोडणारे तेच पोट्टे रोज संध्याकाळी भिंतीवर हात ठेवून येतात अन् मला सांगतात, आज कुठपर्यंत वाळली.